आजोबांच्या नावाने मिळालेले कागद



आपल्या कुटुंब-अंकासाठी काही लिही, असं मंडळाकडून दोन वर्षं सांगणं होतं. मी सॉफ्टवेअरवाला. रोज लिहितो ते मशीनसाठी, त्यामुळे माणसांसाठी लिहायची सवय मोडली आहे. पण गेल्या चवथीला सासुरवाडीला एक प्रसंग घडला आणि तो काही केल्या डोक्यातून जाईना. शेवटी म्हटलं, हे आपल्याच मंडळींना सांगावं. कारण विषय गोव्याचा वाटला, तरी निम्मा आपल्या बीदर-कलबुर्गीचा आहे.

माझी सासुरवाडी गोव्यात, डिचोली तालुक्यात. बायको फिजिओथेरपिस्ट आहे. आमची ओळख बंगळुरातली. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आम्ही कलबुर्गीला आलो, माझं काम घरून सुरू राहिलं आणि आम्ही इथंच राहिलो. तिनं इथं छोटं क्लिनिक टाकलं. मुलगी आता दुसरीत आहे. दरवर्षी गणपतीला आम्ही डिचोलीला जातो. तिकडं त्याला चवथ म्हणतात. गणपतीवर माटोळी बांधलेली असते आणि तिच्यात रानातली फळं, सुपारीचे घड, काकड्या टांगलेल्या असतात. माझी मुलगी दरवर्षी ती फळं मोजते आणि दरवर्षी चुकते.

त्या रात्री जेवणं झाल्यावर माझ्या मेहुण्यानं एक जाड फाइल टेबलावर ठेवली. तो बायकोचा मोठा भाऊ. म्हणाला, "भावजी, माझं काम झालं. लिस्बनहून कागद आले. आता हिचं तेवढं करून घेऊ. बाबांची नोंद झालेलीच आहे, हिला फार त्रास नाही."

मी पान खात होतो. सहज बोलून गेलो, "म्हणजे आजोबा विकून पासपोर्ट घेतला म्हणा की!"

कुणीच हसलं नाही. मेहुण्यानं फाइलची दोरी बांधली आणि आत नेऊन ठेवली. सासरे माटोळीकडं बघत बसले. बायको भांडी आवरायला उठली.

आता ही फाइल कसली, ते सांगतो.

भारतीय सैन्यानं गोवा मुक्त केला तो १९ डिसेंबर १९६१ रोजी. त्याआधी गोवा, दमण, दीव इथं जन्मलेला माणूस पोर्तुगालच्या कायद्यानं त्यांचा नागरिक होता. पोर्तुगालनं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं ते १९७४ च्या अखेरच्या करारानं. पण त्या लोकांचा नागरिकत्वाचा हक्क त्यांनी काढून घेतला नाही. त्यामुळे १९६१ पूर्वी तिथं जन्मलेल्या माणसाला आपला जन्म लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात नोंदवता येतो. पुढं त्याचं लग्न नोंदवायचं, मग मुलांचा जन्म. मुलांना ओळखपत्र मिळतं, पासपोर्ट मिळतो आणि युरोपीय संघातल्या कुठल्याही देशात राहायची, काम करायची मोकळीक मिळते. हक्क नातवंडांपर्यंत पोचतो.

ऐकायला सोपं वाटतं, पण कागद जुळवताना नाकी नऊ येतात. पोर्तुगीज कारकुनांनी नावं आपल्या कानाला ऐकू आली तशी लिहिली. प्रभूचं पोरोब, कामतचं कामोतिम, केणीचं केनिम. बापाच्या जन्मनोंदीत एक आडनाव, त्याच्या शाळेच्या दाखल्यात दुसरं, मुलाच्या आधार कार्डावर तिसरं. ही तिन्ही एकाच घरातली माणसं आहेत हे सिद्ध करण्यात महिनेच्या महिने जातात. माझ्या मेहुण्याला पावणेदोन वर्षं लागली.

आणि या सगळ्याला एक मोठी मेख आहे. आपण सगळे बोलताना दुहेरी नागरिकत्व म्हणतो, पण भारतात तसलं काही नाही. घटनेचं नववं कलम आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं नववं कलम, दोन्हींचा अर्थ एकच निघतो. आपण होऊन दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप जातं. नुसती जन्माची नोंद म्हणजे नागरिकत्व घेणं झालं का, यावर गोव्यात भरपूर वाद झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या. पण परदेशी पासपोर्ट हातात घेतला की प्रश्न संपतो. भारताचा पासपोर्ट परत करावा लागतो. त्यानंतर ओसीआय कार्ड काढता येतं. २००५ पासून ते मिळतं आणि लोकांना वाटतं तेच दुहेरी नागरिकत्व. प्रत्यक्षात तो आजन्म व्हिसा आहे. त्यावर येता येतं, राहता येतं, खासगी नोकरी करता येते. मतदान करता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, सरकारी नोकरी मिळत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशानं आलेली शेती ठेवता येते, तेवढंच.

हे मला सगळं ठाऊक होतं. पेपर वाचणाऱ्या माणसाला असतं तसं. २०२२ या एका वर्षात २,२५,६२० भारतीयांनी नागरिकत्व सोडलं, हा संसदेत दिलेला आकडाही पाठ होता. त्यामुळे त्या रात्री माझ्या बोलण्यात जरा देशभक्तीचा तोरा होता, हे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी परत निघालो. बेळगाव मागं पडेपर्यंत बायको एक शब्द बोलली नाही. मुलगी मागं झोपली होती. मग ती म्हणाली, "तुला एक विचारू? तुझ्या कपाटातल्या निळ्या फाइलमध्ये काय आहे?"

"माझे सर्टिफिकेट आहेत. का?"

"किती सरकारांची?"

मी गप्प झालो. कारण मला एकदम कळलं ती कुठं चालली आहे.

माझं गाव भालकी तालुक्यात. घरात मराठी, बाजारात कन्नड, उर्दू आणि दखनी. आजोबा उर्दूतून शिकले, कारण निजामाच्या राज्यात वरचं शिक्षण उर्दूतून होतं. १९४७ साली मास्तरकीसाठी त्यांनी एक दाखला काढला, त्याला मुल्की म्हणत. हैदराबाद संस्थानात सरकारी नोकरी हवी तर माणूस मुल्की, म्हणजे याच मुलखातला असावा लागे. त्यासाठी १९१९ चं फर्मान होतं. बापाच्या मुल्कीपणावरून पोरगा मुल्की ठरायचा. बाहेरून आलेल्याला १५ वर्षांच्या वास्तव्याची अट असायची. आजोबांचा तो उर्दूतला कागद आमच्या घरी अजून आहे. घडीवर फाटला आहे, शाई तपकिरी झाली आहे.

सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचं राज्य गेलं आणि आजोबा भारताचे नागरिक झाले. त्याआधी रझाकारांच्या धामधुमीत घरची मंडळी चार-सहा महिने सोलापूरकडच्या नातेवाइकांकडं जाऊन राहिली होती. वाटेत करोडगिरीचा नाका लागायचा. करोडगिरी म्हणजे निजामाची जकात. आजी सांगायची, नाक्यावर गाठोडं उघडून दाखवावं लागे. भालकीहून सोलापूरला जाणं म्हणजे एका मुलखातून दुसऱ्या मुलखात जाणं होतं.

मग १ नोव्हेंबर १९५६ आला. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. आजोबांची थोरली बहीण उदगीरला दिलेली. आदल्या दिवसापर्यंत दोघं एकाच बीदर जिल्ह्यात होते, कारण उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तेव्हा बीदरमध्येच होते. दुसऱ्या दिवशी बहीण मुंबई राज्यात आणि भाऊ म्हैसूर राज्यात. १९६० साली बहीण महाराष्ट्रात गेली. १९७३ साली आजोबांच्या राज्याचं नाव कर्नाटक झालं. आजोबा तोवर त्याच वाड्यात, त्याच ओसरीवर बसून होते. दरवर्षी १७ सप्टेंबरला उदगीरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचा झेंडा चढतो आणि आमच्याकडं कल्याण कर्नाटकाचा उत्सव होतो. प्रसंग एकच, १९४८ चा.

आता माझी फाइल. २००७ साली मी बारावी झालो. इथं त्याला पीयूसी म्हणतात. महाराष्ट्रानं कर्नाटकातल्या ज्या ८६५ गावांवर हक्क सांगितला आहे, त्यांत बेळगाव, कारवारच्या बरोबरीनं बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतलीही गावं आहेत. आमचं गाव त्यांतलं एक. त्या सीमाभागात दहावी-बारावी झालेल्या, मातृभाषा मराठी असलेल्या मुलांना महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग प्रवेशात वेगळा गट आहे. त्यासाठी गाव वादग्रस्त सीमाभागात येतं असा एक दाखला आणि मातृभाषा मराठी असल्याचा शाळेचा एक दाखला लागतो. मी दोन्ही काढले. महाराष्ट्रातल्या एका कॉलेजात जागा मिळाली आणि मी बीई झालो. त्या कागदाचा अर्थ असा, की हे गाव खरं म्हणजे महाराष्ट्राचं आहे.

पुढं ९८ व्या घटनादुरुस्तीनं ३७१ (जे) कलम आलं. २०१३ साली ते लागू झालं. हैदराबाद-कर्नाटकातल्या स्थानिकांना इथल्या कॉलेजांत ७० टक्के जागा, राज्यपातळीवरच्या संस्थांत ८ टक्के, सरकारी भरतीतही मोठा वाटा. धाकट्या बहिणीला त्यातून मेडिकलची जागा मिळाली. त्यासाठी पात्रता दाखला काढायचा होता. २०१३ च्या आधीची दहा वर्षं आपण इथले आहोत हे दाखवायचं. बहिणीचे कागद काढताना वडिलांनी माझेही काढून ठेवले. "राहू दे की. उद्या कामाला येतंय," म्हणाले. दोन वेळा मी त्या दाखल्यावर कर्नाटक सरकारच्या अभियंता भरतीचा अर्जही भरला. झालं काही नाही, पण भरला. त्या कागदाचा अर्थ असा, की आम्ही पिढीजात कर्नाटकाच्या या भागातले.

एकाच आजोबांच्या जोरावर मी एका राज्याला सांगितलं, आम्ही तुमचे. आणि दुसऱ्याला सांगितलं, आम्ही तुमचेच. दोन्ही वेळा हात थरथरला नाही.

"आता बोल," बायको म्हणाली. "माझ्या दादानं एकच आजोबा एकदाच वापरला. तू तुझा दोनदा वापरलास. आणि वर म्हणालास विकला."

मी वाद घालायचा प्रयत्न केला. म्हटलं, माझे दोन्ही कागद एकाच देशातले आहेत. एक घेतला म्हणून दुसरा गेला नाही. त्यात कुणाशी नातं तोडावं लागलं नाही. तिनं ते मान्य केलं. म्हणाली, "बरोबर. तुला काही सोडावं लागलं नाही. दादाला सोडावं लागलं. मग जड कुणाला गेलं असेल?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

मग तिनं मला दादाची गोष्ट सांगितली, जी जावई म्हणून मला अर्धीच ठाऊक होती. डिचोली म्हणजे लोहखनिजाचा पट्टा. त्या भागात घरटी एक ट्रक असायचा. दादानं कर्ज काढून टिपर घेतला आणि तो खाणीवर लावला. २०१२ साली कोर्टाच्या आदेशानं खाणी थांबल्या. मधे पुन्हा सुरू झाल्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालानं ८८ लीज रद्द झाल्या आणि मार्चपासून पुन्हा सगळं बंद. पर्यावरणाच्या बाजूनं बघाल तर निकालात तथ्य होतंच. तिकडच्या विहिरी आणि शेतं मी बघितली आहेत. पण दादाचा ट्रक अंगणात उभा राहिला आणि हप्ते थांबले नाहीत. ट्रक भंगाराच्या भावात गेला. त्यानं मग हॉटेलात स्वयंपाकघरात काम धरलं. हंगामात काम, पावसाळ्यात घरी. तिथल्याच एका सोबत्यानं लिस्बनची वाट दाखवली.

नंतरच्या काही महिन्यांत मी फोनवर, लग्नकार्यात, जमेल तसं या लोकांशी बोलत गेलो. आधी माझा समज होता की सगळे पैशासाठी जातात. तसं नाही. गावातली एक बाई पोराच्या आजारासाठी गेली. एकाला इंग्लंडला जायचं होतं. स्विंडन नावाच्या गावात गोव्याची मोठी वस्ती आहे आणि पोर्तुगीज पासपोर्टवर तिथं थेट काम मिळायचं. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला आणि २०२० संपताना ती वाट नव्या लोकांसाठी बंद झाली. त्याचे कागद त्यानंतर दोन महिन्यांनी आले. आता तो फ्रान्समध्ये आहे, भाषा येत नाही, पण आहे. एक निवृत्त गुरुजी भेटले. त्यांनी नोंद केली, पण पासपोर्ट काढलाच नाही. म्हणाले, नातवांना कधी लागली तर वाट मोकळी असावी. आणि काही जण सरळ सांगतात, व्हिसाच्या खिडकीपाशी बँकेचं पुस्तक दाखवत उभं राहायचा कंटाळा आला. ऑफिसच्या कामासाठी जर्मनीला जाताना मी स्वतः त्या रांगेत उभा राहिलो आहे. तेव्हा मीही मनातल्या मनात शिव्या दिल्याच होत्या.

जगभर हेच चाललं आहे. आयर्लंड आजी-आजोबांपर्यंत मागं जाऊन नागरिकत्व देतं. इटलीत तर पणजोबा-खापरपणजोबांवरून मिळायचं. अर्ज इतके वाढले की २०२५ साली त्यांनी कायदा बदलून आई-वडील आणि आजी-आजोबांपाशी रेघ ओढली. मागं कुणी पोटासाठी देश सोडला, आणि आज त्याची नातवंडं पोटासाठीच त्याचं नाव शोधताहेत.

सासऱ्यांशी मात्र बोलायचं धाडस मला लवकर झालं नाही. शेवटी दिवाळीनंतर ते आमच्याकडं कलबुर्गीला राहायला आले, तेव्हा विषय काढला. विचारलं, "बाबा, तुम्हाला काय वाटलं हो, लिस्बनला नाव नोंदवताना?"

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सैन्य आलं तेव्हा मी सहा वर्षांचा. वाड्यावर तिरंगा लावला, पेढे वाटले, तेवढं आठवतं. जन्माला आलो तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं, कुठल्या राज्यात येतोस म्हणून. पोराचा ट्रक गेला तेव्हाही कुणी विचारलं नाही. माझ्या जन्माचा तो कागद होता. त्यानं माझं काही भलं केलं नव्हतं. पोराचं होत असेल तर होऊ दे, म्हटलं." मग जरा थांबून म्हणाले, "पण सही करताना हात जड झाला. खोटं कशाला बोलू."

ओसरीवर बसलेल्या माझ्या वडिलांनी हे सगळं ऐकलं. ते उठून आत गेले आणि आजोबांचा मुल्की दाखला घेऊन आले. दोघं म्हातारे चष्मे लावून तो कागद बघत बसले. उर्दू दोघांनाही वाचता येत नाही. सासऱ्यांच्या फोनमध्ये त्यांच्या जन्मनोंदीचा फोटो होता, पोर्तुगीजमधला. तोही दोघांना वाचता येईना. वडील म्हणाले, "बघा व्याहीबुवा, आपल्या बापाचं नाव आपल्यालाच वाचता येईना झालंय!" आणि दोघं मोठ्यानं हसले. मी चहा ठेवायला उठलो.

आता मूळ मुद्द्याकडं येतो. तो बायकोचा आहे.

बेळगावनंतरच्या त्या प्रवासात ती शेवटी जे बोलली ते मला सगळ्यात लागलं. म्हणाली, "तू दादाला हसलास ते एक सोड. पण मला जायचंय की नाही, हे तू विचारलंसच नाहीस. तुझा विनोद झाला आणि विषय संपला."

खरं होतं. बंगळुरात तिचं चांगलं चाललं होतं. कलबुर्गीला यायचं ठरलं तेव्हा माझे आई-वडील, माझं घर, माझं घरून काम, हेच सगळं मोजलं गेलं. ती आली, क्लिनिक उभं केलं, इथल्या बायकांशी कन्नड बोलायला शिकली. युरोपात तिच्या विषयात पुढं शिकायची तिची इच्छा लग्नाआधीपासूनची. तो कागद तिच्या दृष्टीनं त्या इच्छेची किल्ली होता. मी पान चघळत ती हसण्यावारी नेली.

घरी आल्यावर आम्ही दोघांनी बसून एक तक्ता केला. इंजिनिअर माणसाला दुसरं काय सुचणार! एका बाजूला काय मिळेल आणि दुसऱ्या बाजूला काय जाईल. मिळण्याच्या बाजूला शिक्षण, काम, व्हिसाची कटकट नाही, मुलीला एक वाट. जाण्याच्या बाजूला मतदान, सरकारी नोकरीची शक्यता, भारतीय पासपोर्ट. शेतजमिनीच्या ओळीवर ती थांबली. डिचोलीला बाबांची थोडी कुळागराची जमीन आहे, सुपारी आणि नारळाची. वारशानं मिळाली तर राहील. पण शेजारचा तुकडा विकायला निघाला तर घेता येणार नाही. ती म्हणाली, "मला मतदानाचं एवढं वाटेल असं वाटलं नव्हतं." दर निवडणुकीला शाई लावलेल्या बोटाचा फोटो माहेरच्या ग्रुपवर टाकणारी ती एकटीच आहे, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

तक्त्यानं निर्णय झाला नाही. तक्त्यानं तो कधीच होत नसतो. पण काही गोष्टी ठरल्या. मुलीचं काहीही तिच्या अठराव्या वर्षाआधी करायचं नाही, ती तिची तिनं ठरवावी. तोवर तिकडचे कायदे बदलले तर बदलले. बायकोनं ऑनलाइन पोर्तुगीज शिकायला सुरुवात केली आहे. रात्री भाकरी करता करता ती क्रियापदं म्हणते आणि मुलगी मागून ओरडते. तिची फाइल तयार आहे, पाठवलेली नाही. पाठवायची की नाही, आणि कधी, ते ती सांगेल. मी तिला एवढंच सांगितलं आहे, की तू जे ठरवशील त्यावर मी विनोद करणार नाही. आणि खरं सांगतो, तिनं पाठवायचं ठरवलं तर मला वाईट वाटेल. तेही मी तिला सांगितलं आहे.

मेहुण्याला मी फोन केला तो महिन्याभरानं. माफी मागायची तर शब्द जुळेनात. शेवटी म्हटलं, "दादा, त्या रात्री मी चुकलो." तो म्हणाला, "जाऊ दे हो भावजी. पासपोर्ट परत द्यायला गेलो ना, तेव्हा मला पण तसंच वाटलं होतं, विकल्यासारखं. म्हणून राग आला." आता तो लिस्बनजवळ एका हॉटेलात स्वयंपाकघरात आहे. यंदाच्या चवथीला येण्यासाठी त्याला ओसीआयचा अर्ज भरावा लागला. स्वतःच्या घरी येण्यासाठी फॉर्म भरताना कसं वाटलं, ते मी विचारलं नाही. त्यानं आपण होऊनच सांगितलं, "आईचं नाव लिहायच्या रकान्यापाशी थोडा वेळ थांबलो."

मंडळी, माझ्यासारख्या सीमाभागातल्या तरुण वाचकांना एक विनंती करतो. आपल्या प्रत्येकाच्या घरी अशी एक निळी, हिरवी नाहीतर दोरीची फाइल आहे. मुल्की, पाणीपट्टी, पहाणी, शाळेचा दाखला, सीमाभागाचा दाखला, ३७१ (जे) चा दाखला. आपल्यातल्या बहुतेकांची शिक्षणं त्यातल्या कुठल्या ना कुठल्या कागदावर झाली आहेत. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण वडीलधारे आहेत तोवर एकदा त्यांच्याजवळ बसून तो एकेक कागद काढा आणि विचारा, हा का काढला होता, कुणासमोर उभं राहून काढला होता. नावांची स्पेलिंगं सगळ्या कागदांवर एक आहेत का तेही बघून घ्या. हा सल्ला फुकट आहे, पण मेहुण्याची पावणेदोन वर्षं त्यात गेली आहेत.

आम्ही गेल्या रविवारी तेच केलं. एका ओळखीच्या मौलवींकडून आजोबांचा मुल्की दाखला वाचून घेतला. त्यांनी आजोबांचं नाव वाचलं, पणजोबांचं वाचलं, गावाचं नाव वाचलं. शेवटची ओळ वाचून म्हणाले, "लिहिलंय की हा इसम इथलाच रहिवासी आहे."

मुलगी शेजारी बसली होती. तिनं विचारलं, "इथलाच म्हणजे कुठला?"

वडील म्हणाले, "आपल्या गावचा, बाळा." तिला ते पटलं. ती खेळायला गेली.